ऑर्डनन्स फॅक्टरीला टेंडर भरू द्या, पण तयारीचे पैसे वेगळे मोजा

१ नोव्हेंबर २०२५ पासून संरक्षण खात्याचं नवीन खरेदी मॅन्युअल लागू झालं, आणि त्यातला एक बदल असा आहे की ज्याचा परिणाम खडकीपासून भद्रावतीपर्यंत हजारो घरांवर होणारे. तो बदल म्हणजे, आता सैन्याला एखादी वस्तू ओपन टेंडर काढून घ्यायची असेल तर आधी ऑर्डनन्स फॅक्टरीवाल्यांकडून, म्हणजे सैन्यासाठी दारुगोळा-हत्यारं बनवणाऱ्या सरकारी कारखान्यांकडून, एनओसी घ्यावी लागणार नाही. आधी घ्यावी लागायची. म्हणजे फॅक्टरी बोर्डाच्या यादीत असलेली वस्तू बाहेरच्या कंपनीकडून घ्यायची तर फॅक्टरीवाल्यांनी आधी लिहून द्यायचं की आम्हाला हे जमणार नाही, तुम्ही बाहेरून घ्या. ज्याच्याशी स्पर्धा करायची त्याच्याच परवानगीने स्पर्धा सुरू होणार, असा तो नियम होता, आणि तो गेला ते चांगलंच झालं असं माझं स्पष्ट मत आहे.

हे मी आधीच सांगून टाकतो कारण माझे बरेच नातेवाईक भुसावळ-वरणगाव पट्ट्यातले आहेत, आणि त्या पट्ट्यात हे बोललं की लोक लगेच विचारतात की तू कुणाच्या बाजूने? मी फॅक्टरीच्या बाजूनेच आहे. पण फॅक्टरी टिकवायची म्हणजे तिला आंधळेपणाने ऑर्डर देत राहायचं, हे मला पटत नाही, आणि फॅक्टरीला खाजगी कंपनीसमोर उभं करून नुसता रेट बघायचा हेही पटत नाही. दोन्हीत सरकार एकच हिशोब टाळतंय, त्याबद्दल मला बोलायचंय.

आधी थोडी माहिती, कारण पुण्या-मुंबईतल्या बऱ्याच लोकांना हे माहीतच नसतं. देशात ४१ ऑर्डनन्स फॅक्टऱ्या, त्यातल्या १० महाराष्ट्रात. खडकीला दोन, देहूरोड, अंबरनाथला दोन, वरणगाव, भुसावळ, नागपूरची अंबाझरी, भंडाऱ्याची जवाहरनगर आणि भद्रावतीची चांदा. खडकीची दारुगोळा फॅक्टरी तर १८६९ सालची. ऑक्टोबर २०२१ मध्ये जुना बोर्ड बरखास्त करून ४१ फॅक्टऱ्यांच्या सात सरकारी कंपन्या केल्या, त्यातल्या म्युनिशन्स इंडियाचं मुख्यालय खडकीला आणि यंत्र इंडियाचं नागपूरला. आणि याच महाराष्ट्रात समोरच्या बाजूला कोण, तर नागपूरची इकॉनॉमिक एक्स्प्लोझिव्ह्ज, जी सोलार ग्रुपची कंपनी आहे, आणि पुण्यात मुंढव्याची भारत फोर्ज. म्हणजे ही सरकारी विरुद्ध खाजगी लढाई बऱ्यापैकी आपल्याच अंगणात चाललीये, एकाच जिल्ह्यातल्या दोन गेटांवर एकाच आयटीआयची पोरं कामाला जातात.

आता जुन्या पद्धतीत नक्की काय व्हायचं ते बघू. सैन्य वर्षाचा इंडेंट, म्हणजे मालाची मागणी, द्यायचं, फॅक्टरी माल बनवायची, आणि जो खर्च आला तो सैन्याच्या खात्यातून वळता व्हायचा. नफा नाही तोटा नाही. ऐकायला किती छान. पण यात खर्च कमी करायचं कारणच कुणाला उरत नाही, कारण खर्च वाढला तर किंमत वाढते आणि गिऱ्हाईक कुठे पळून जाणार नसतं. आणि उलटंही तितकंच खरं आहे जे लोक सोयीस्कर विसरतात. फॅक्टरीचा पक्का खर्च, म्हणजे पगार, बिल्डिंगी, सुरक्षा, एस्टेट, मशिनरी, हा इंडेंट कमी झाला म्हणून कमी होत नाही. समजा एका फॅक्टरीचा असा पक्का खर्च वर्षाला १०० कोटी आहे. एक लाख गोळे बनवले तर एका गोळ्यावर १० हजार पडतात. सैन्याने इंडेंट कापून २५ हजार केला की तोच खर्च गोळ्यामागे ४० हजार. गोळा तोच, कामगार तेच, भट्टी तीच. मग पेपरात बातमी येते की सरकारी फॅक्टरीचा माल इतका महाग. ज्याने इंडेंट कापला त्याचं नाव त्या बातमीत कधी नसतं.

पण म्हणून नॉमिनेशनने, म्हणजे टेंडर न काढता नाव घेऊन काम देण्याने, नुकसान झालं नाही असं मी म्हणणार नाही. झालंय आणि भरपूर झालंय. कॅगच्या २०१७ च्या रिपोर्टमध्ये होतं की सप्टेंबर २०१६ ला सैन्याकडच्या १५२ प्रकारच्या दारुगोळ्यापैकी ६१ प्रकारांचा साठा दहा दिवसांच्या युद्धालाही पुरणारा नव्हता, आणि त्यात फॅक्टऱ्यांकडून वेळेवर न आलेल्या मालाचा मोठा वाटा होता. त्याच २०१६ मध्ये ३० मे च्या मध्यरात्रीनंतर वर्धा जिल्ह्यात पुलगावच्या दारुगोळा डेपोत जे झालं ते विदर्भातल्या लोकांना सांगायला नको. १९ माणसं गेली, त्यात डेपोचे फायरमन होते जे आग विझवायला आत धावले होते. चौकशीत बोट गेलं ते टीएनटी गळणाऱ्या रणगाडाविरोधी सुरुंगांकडे. असा माल वर्षानुवर्षं डेपोत पडून राहतो, परत कोण घेणार, बदलून कोण देणार, पैसे कोण भरणार यावर फाईल फिरत राहते, कारण विकणारा सरकार, घेणारा सरकार आणि तपासणाराही सरकार. खाजगी कंपनीने असा माल दिला असता तर बँक गॅरंटी जप्त झाली असती, कंपनी ब्लॅकलिस्ट झाली असती. इथे कुणाला ब्लॅकलिस्ट करणार?

ग्रेनेडचंही उदाहरण घ्या. आपल्या जवानाच्या हातात कित्येक दशकं जो हातबॉम्ब होता, ३६ नंबरचा, त्याचं डिझाईन पहिल्या महायुद्धाच्या काळातलं. ऑक्टोबर २०२० मध्ये संरक्षण खात्याने १० लाख नवीन मल्टी मोड ग्रेनेडची ऑर्डर नागपूरच्या इकॉनॉमिक एक्स्प्लोझिव्ह्जला दिली, साधारण ४०९ कोटींची. एक नग म्हणजे चार हजार रुपयांच्या आसपास. डिझाईन डीआरडीओचं, म्हणजे सरकारचंच, बनवणारी कंपनी खाजगी, आणि ऑगस्ट २०२१ मध्ये नागपूरला कार्यक्रम करून पहिला माल सैन्याच्या हातात पडला पण. मधल्या काळात कोविड होता हे लक्षात घ्या. दारं उघडली नसती तर अजूनही आपला जवान तो जुनाच हातबॉम्ब घेऊन उभा असता, हे मान्य करायला मला काही अडचण वाटत नाही.

आणि ही नॉमिनेशनची सवय फक्त संरक्षण खात्यात नाहीये. बऱ्याच सरकारी ऑफिसच्या बिल्डिंगीचं काम बघा, टेंडर न काढता ते एखाद्या सरकारी कंपनीला दिलं जातं, ती कंपनी आपला टक्का ठेवून पूर्ण काम खाली खाजगी ठेकेदाराला देते. सुप्रीम कोर्टाने २००६ साली मेरठ महापालिकेच्या केसमध्ये सांगितलं की सरकारी काम जाहीर टेंडरनेच द्यायचं, नॉमिनेशन हा अपवाद आहे, आणि दक्षता आयोगाने २००७ मध्ये सगळ्या खात्यांना त्याचं परिपत्रक काढलं. केंद्राच्या २०१७ च्या वित्तीय नियमांतला १३३ वा नियमही म्हणतो की बांधकाम सरकारी कंपनीला द्यायचं असेल तरी अशा कंपन्यांमध्ये आपसात स्पर्धा लावा. नियम आहेत, पळवाटाही आहेत. अशा कामात सरकारी कंपनी हा नुसता मधला माणूस झालेला असतो आणि तिथे मी एक मिनिटही तिची बाजू घेणार नाही. ज्या सरकारी संस्थेकडे स्वतःचे कारागीर नाहीत, स्वतःची मशिनरी नाही, तिने स्पर्धेत सवलत मागूच नये.

ऑर्डनन्स फॅक्टरीचं तसं नाही. तिथे काम खरोखर तिथेच होतं. तोफेच्या गोळ्याची भराई कशी होते माहितीये का? टीएनटी साधारण ८० डिग्रीला वितळतं, ते वितळवून स्टीलच्या गोळ्यात ओततात आणि मग ते हळूहळू थंड होऊ द्यावं लागतं. घाई केली तर आत पोकळी राहते, आणि पोकळी असलेला गोळा तोफेतून सुटताना जो जबरदस्त धक्का बसतो त्याने नळीतच फुटू शकतो, म्हणजे आपल्याच तोफेवरची माणसं जाणार. म्हणून मग एक्सरे काढून बघतात. ओतताना कधी थांबायचं, वरून आकसलं की परत किती भरायचं, हे जे हाताला कळतं ते पुस्तक वाचून येत नाही, फिलिंग सेक्शनला वर्षं काढलेल्या माणसाकडून नवीन पोरगा ते शिकतो. एकदा सेक्शन बंद केला, माणसं रिटायर झाली, की ते ज्ञान परत आणायला किती वर्षं लागतील सांगता येत नाही.

इथे खाजगीकरणवाल्या मित्रांचा नेहमीचा मुद्दा येतो की मग खाजगी कंपनीने ते शिकून घ्यावं, ग्रेनेड बनवलाच की. बरोबर आहे, शिकेल, शिकलीच आहे. पण खाजगी कंपनी रिकामी क्षमता सांभाळणार नाही, आणि तिने सांभाळावी अशी अपेक्षाही चूक आहे, तिला शेअरहोल्डरला जाब द्यायचाय. समजा शांततेच्या काळात वर्षाला २५ हजार गोळे लागतात आणि युद्ध पेटलं की तेवढे काही दिवसांत उडतात. ही मधली दरी कुणीतरी भरून ठेवायची असते. युरोपात काय झालं बघा. मार्च २०२३ मध्ये युरोपियन युनियनने युक्रेनला वर्षभरात १० लाख तोफगोळे देतो म्हणून जाहीर केलं, आणि मार्च २०२४ ची मुदत आली तेव्हा साधारण निम्मेच पोचले होते. श्रीमंत देश, पैसा होता, मोठमोठ्या खाजगी कंपन्या होत्या, पण शीतयुद्ध संपल्यावर तीस वर्षं लाईन आणि माणसं कमी करत आणली होती, आणि दारुगोळ्याची लाईन चेक फाडला म्हणून उभी राहत नाही. अमेरिकेने मात्र आपले दारुगोळ्याचे कारखाने मालकीने स्वतःकडे ठेवलेत. पेनसिल्व्हानियातला स्क्रँटनचा गोळ्यांचा कारखाना आहे, त्याची मालकी अमेरिकन सैन्याची आणि चालवते जनरल डायनॅमिक्स ही खाजगी कंपनी. भांडवलशाहीचं घर म्हणावं असा देश, त्यांनाही कळलं की ही क्षमता बाजाराच्या भरवशावर सोडायची नसते.

तर माझं म्हणणं असं आहे की सरकारने या फॅक्टऱ्यांना दोन वेगवेगळ्या कामांचे दोन वेगवेगळे पैसे द्यावेत. एक काम म्हणजे माल बनवणं. त्याचं टेंडर काढा, खाजगीला बोलवा, म्युनिशन्स इंडियाला पण बोलवा, आणि खडकीचा रेट जास्त आला, माल खराब निघाला तर खडकीला ऑर्डर देऊ नका. दुसरं काम म्हणजे तयार राहणं. म्हणजे अमुक इतक्या गोळ्यांची जादा लाईन, इतकी शिकलेली माणसं, इतका कच्चा माल कायम ठेवणं, आणि सांगितल्यावर इतक्या दिवसांत उत्पादन दुप्पट करून दाखवणं. याचे पैसे दरवर्षी बजेटमध्ये उघड लिहून द्या, संसदेत त्यावर चर्चा होऊ दे, आणि दरवर्षी त्याची परीक्षा पण घ्या, एक दिवस न सांगता फोन करा की चला, लाईन चालू करून दाखवा. नगरपालिका अग्निशमन दलाला आग लागो न लागो पगार देते, तो खर्च विझवलेल्या प्रत्येक आगीच्या बिलात टाकत नाही, इतकं साधं आहे हे.

आज काय होतंय तर तयारीचा हा सगळा खर्च गोळ्याच्या किमतीत घुसडलेला राहतो. मग टेंडर उघडलं की सरकारी फॅक्टरी महाग दिसते आणि खाजगी स्वस्त दिसते, पण दोघांनी एकच वस्तू विकायला ठेवलेली नसते. एकाच्या किमतीत देशाचा विमा आहे, दुसऱ्याच्या किमतीत नाही. आणि याचा दुसरा तोटा मला जास्त मोठा वाटतो. या गोंधळाच्या आड फॅक्टरीतली खरी ढिलाई पण लपते. साहेबांना विचारलं माल महाग का, तर ते म्हणणार आम्ही युद्धासाठी क्षमता राखून ठेवलीये. किती राखलीये, ती चालू स्थितीत आहे का, हे कुणी विचारत नाही कारण त्याचा वेगळा हिशोबच नाही. वेगळा केला की कळेल कुठला खर्च देशासाठी आहे आणि कुठला नुसता आळसाचा. युनियनमधल्या काही लोकांना ही मागणी आवडणार नाही याची मला कल्पना आहे, पण ऑर्डरचा लोड नाही म्हणून ओव्हरटाईम बंद, पीस वर्क म्हणजे नगावर मिळणारा पैसा कमी, आणि वर तुम्हीच महाग म्हणून शिव्या खा, हे जे कामगाराच्या वाट्याला येतं ते थांबवायचा मला तरी दुसरा रस्ता दिसत नाही.

यावर कुणी म्हणेल की तयारीचा पैसा दिला की फॅक्टरी तोच पैसा वापरून टेंडरमध्ये रेट पाडेल, मग खाजगीवाल्यावर अन्याय. शंका रास्त आहे. म्हणून दोन्ही खाती वेगळी आणि कॅगने दोन्ही तपासलेली हवीत. आणि तयारीचं काम पण फक्त सरकारी कंपनीलाच द्या असं माझं म्हणणं नाही. एखादी खाजगी कंपनी म्हणाली की आम्ही पण जादा लाईन दहा वर्षं राखून ठेवतो, वर्षाला इतके पैसे द्या, तर ऐकून घ्या. फक्त लेखी घ्या आणि युद्धाच्या वेळी आधी आपल्या सैन्याला आणि मग एक्सपोर्ट ही अट त्यात घाला, कारण सध्या जगभर १५५ मिलिमीटरच्या गोळ्यांना मागणी आहे आणि खाजगी काय, म्युनिशन्स इंडिया पण बाहेरच्या ऑर्डरी घेतेय.

आता पंचाचा प्रश्न. सातही कंपन्यांची मालकी संरक्षण उत्पादन विभागाकडे. आणि माल तपासणारं जे गुणवत्ता खातं, डीजीक्यूए, तेही त्याच विभागाच्या खाली. म्हणजे टेंडरमध्ये खाजगी कंपनीचा माल ज्याने पास-नापास करायचा, त्याचा आणि तिच्या प्रतिस्पर्ध्याचा साहेब एकच. डीजीक्यूएतली माणसं प्रामाणिक असतील, बहुतेक असतातच, पण खाजगी कंपनीने का विश्वास ठेवावा? आणि पुलगावचं आठवून सैनिकाने तरी का ठेवावा? तपासणी ज्याला तो माल वापरायचाय त्याच्या, म्हणजे सैन्याच्या हाताखाली द्या, साधी गोष्ट आहे. १९९९ च्या कारगिलनंतर किती समित्या बसल्या. २००० मध्ये नायर समिती, मग आपल्या पुण्याच्या विजय केळकरांची, २०१५ ला रमण पुरी, २०१६ ला जनरल शेकटकर. सगळ्यांनी फॅक्टऱ्यांना कॉर्पोरेट करा असं सांगितलं आणि शेवटी २०२१ ला ते झालं. बोर्डाची कंपनी झाली, पण मालक-गिऱ्हाईक-तपासनीस हे त्रिकूट होतं तसंच राहिलं. शिवाय कंपन्या सुरू होताना जुने इंडेंट, साधारण ६५ हजार कोटींचे, कॉन्ट्रॅक्ट मानून त्यांना देऊन टाकले, त्यामुळे पहिली काही वर्षं खऱ्या स्पर्धेची झळ बसलीच नाही. तो साठा संपत जाईल तशी ती बसणार.

अजून एक गोष्ट आहे आणि माझ्या दृष्टीने ती रेटपेक्षा महत्त्वाची आहे. १७ डिसेंबर २०२३ ला नागपूरजवळ बाजारगावला सोलारच्या कारखान्यात स्फोट झाला, नऊ कामगार गेले, त्यातल्या सहा बायका. २४ जानेवारी २०२५ ला भंडाऱ्याच्या जवाहरनगरला सरकारी फॅक्टरीत स्फोट झाला, किमान आठ गेले. एक खाजगी, एक सरकारी, त्यामुळे कुणी कुणाकडे बोट दाखवायची सोय नाही. पण दोघांना एका टेंडरमध्ये एल वन, म्हणजे सगळ्यात कमी रेटवाला, होण्यासाठी झुंजवलं की रेट कुठून कमी होतो ते बघा. कच्च्या मालाचा भाव बाजार ठरवतो, मशिन दोघांचं सारखंच, मग उरतं काय, तर माणूस. कायम कामगाराच्या जागी कॉन्ट्रॅक्टचा, ट्रेनिंग कमी, शिफ्टला माणसं कमी, दोन इमारतींमधलं अंतर कागदावर. सरकारी फॅक्टरीपण हेच शिकणार, शिकायला लागलीच आहे, आजकाल तिथेही गेटवर कॉन्ट्रॅक्टची रांग असते. म्हणून स्फोटकांच्या टेंडरमध्ये कामगाराचं किमान वेतन, ट्रेनिंग, विमा, एका इमारतीत एकावेळी किती माणसं असतील याची मर्यादा, हे सगळं टेंडरच्या अटीत आधीच बांधून टाकलं पाहिजे, दोघांनाही सारखं, आणि रेट फक्त उरलेल्यावर. जो ते पाळत नाही त्याचं पाकीटच उघडू नका.

आणि सगळी ऑर्डर एल वन ला देण्याची सवय पण सोडली पाहिजे. मार्च २०२५ मध्ये एटॅग्स तोफांचं कॉन्ट्रॅक्ट झालं, साधारण ६,९०० कोटींचं, त्यात भारत फोर्जला ६० टक्के तोफा आणि टाटांना ४० टक्के असं वाटून दिलं. फेब्रुवारी २०२५ मध्ये पिनाका रॉकेटची जी कॉन्ट्रॅक्टं झाली त्यात पण एक प्रकार नागपूरच्या खाजगी कंपनीला आणि दुसरा म्युनिशन्स इंडियाला. दोन्ही हत्यारं मुळात पाषाणच्या एआरडीईत डिझाईन झालेली, म्हणजे सरकारी प्रयोगशाळेने दहा-दहा वर्षं घातली तेव्हा कुठे दोघांना बनवायला काहीतरी मिळालं. अशी वाटणी दारुगोळ्यात नेहमीची व्हावी. एकाच्या कारखान्यात अपघात झाला, संप झाला, पूर आला तरी दुसरा चालू राहतो. हरलेल्याला पण थोडं काम मिळतं, त्याची माणसं टिकतात, आणि पुढच्या टेंडरला तो परत जोर लावून उतरतो.

कामगारांचं काय, हा प्रश्न मी टाळत नाही. ७० हजारांवर माणसं २०२१ ला या कंपन्यांकडे डेप्युटेशनवर दाखवली, आधी दोन वर्षांसाठी, मग मुदत वाढवत नेली. ती केंद्र सरकारची नोकर आहेत की कंपनीची, हे त्यांना स्वतःला नीट सांगता येत नाही. त्याच वर्षी अत्यावश्यक संरक्षण सेवा कायदा करून वर्षभरासाठी संपावर बंदी पण घातली होती. म्हणजे तुम्ही स्पर्धेत उतरा, पण तुमची पगाररचना, भरती, बदली यातलं काही तुमच्या कंपनीच्या हातात नाही, आणि तेव्हा तर बोलायचीही सोय नव्हती. खाजगी कंपनीचा मॅनेजर उद्या चांगल्या वेल्डरला पगार वाढवून ठेवून घेऊ शकतो, वरणगावचा जीएम नाही करू शकत. कामगारांचं केंद्र सरकारी नोकर हे नातं रिटायर होईपर्यंत राहील असं एकदाचं लेखी द्या, नवीन भरती कंपनीच्या नियमाने करू द्या, म्हणजे दोन्ही बाजूंना पुढचं काही ठरवता येईल.

महाराष्ट्रात दहा फॅक्टऱ्या म्हणजे पुणे, ठाणे, जळगाव, नागपूर, भंडारा, चंद्रपूर या सहा जिल्ह्यांच्या खासदारांचा हा थेट विषय आहे. त्यांनी निदान एवढं तरी संसदेत विचारावं की म्युनिशन्स इंडियाने भरलेल्या प्रत्येक टेंडरमध्ये मालाचा खर्च किती आणि राखून ठेवलेल्या क्षमतेचा खर्च किती धरला होता, ती क्षमता शेवटची कधी चालवून बघितली, आणि त्या लाईनवर आज शिकलेली माणसं किती आहेत.